कायदा जकार्ताचा, वर्ग बाईंचा

इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा आहेत आणि शाळेचं माध्यम एकच, इंडोनेशियन. २०१० च्या जनगणनेत घरी रोज ती बोलणारे पाचात जेमतेम एक निघाले. म्हणूनच २००३ च्या शिक्षण कायद्यात एक सवलत आहे: सुरुवातीच्या इयत्तांत, गरज पडल्यास, प्रादेशिक भाषेतून शिकवता येईल. आता गरज पडली की नाही, हे ठरवायचं कुणी? प्रत्यक्षात ठरवतात पहिलीच्या बाई.

जावातल्या खेड्यात हे असं चालतं: पुस्तकातलं वाक्य इंडोनेशियनमध्ये वाचायचं, पोरांचे चेहरे कोरे दिसले की तेच जावानीजमध्ये समजवायचं, आणि फळ्यावर उत्तर मात्र पुन्हा इंडोनेशियनमध्ये. त्यात जावानीजच्या पायऱ्या. सवंगड्यांशी बोलायची ‘न्गोको’ वेगळी, वडीलधाऱ्यांशी बोलायची ‘क्रोमो’ वेगळी. क्रोमो कच्ची असलेल्या मुलाला बाईंशी बोलायला इंडोनेशियनच बरी वाटते. चुकून उद्धटपणा व्हायची धास्ती नाही. राष्ट्रभाषेची ही सोय कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही.

२०१३ चा अभ्यासक्रम जास्त महत्त्वाकांक्षी होता. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांच्या भाषाविचारातून ऑस्ट्रेलियात घडलेली पद्धत त्यात आली: भाषा शिकवायची ती मजकुराच्या प्रकारांमधून. कृती सांगणारा मजकूर, निरीक्षणाचा अहवाल, मत मांडणारा लेख. आधी विषयाची ओळख, मग नमुना वाचायचा, मग सगळ्यांनी मिळून लिहायचं आणि शेवटी ज्याचं त्याने. कागदावर झकास. पण राष्ट्रीय परीक्षेतला इंडोनेशियनचा पेपर तेव्हा बहुपर्यायी! जे तपासलंच जाणार नाही, त्या शेवटच्या टप्प्यावर कुठला शिक्षक तास घालवेल? त्यापेक्षा लेखाचे भाग पाठ करून घेतलेले बरे: भूमिका, युक्तिवाद, भूमिकेचा पुनरुच्चार. माझ्या मते यात शिक्षकांचा दोष कमी, परीक्षेचा जास्त.

शिवाय धोरण तरी कुठे स्थिर होतं! डिसेंबर २०१४ मध्ये शिक्षणमंत्री आनिस बास्वेदान यांनी, नवा अभ्यासक्रम एकच सत्र शिकवलेल्या शाळांना २००६ च्या जुन्या अभ्यासक्रमावर परत पाठवलं. ६,२२१ शाळा नव्यावरच राहिल्या. ती राष्ट्रीय परीक्षा २०१९ नंतर झाली नाही. २०२१ पासून तिच्या जागी, निवडक विद्यार्थ्यांचं वाचनाचं आकलन जोखणारी चाचणी आली.

देशाच्या पूर्व टोकाच्या पापुआत तर ‘गरज पडल्यास’ची सवलत असून नसल्यासारखी. एकट्या त्या भागात अडीचशेहून जास्त भाषा, एका वर्गात दोन-तीन सहज, आणि शिक्षक पुष्कळदा दुसऱ्या बेटावरून आलेला. मुलांची मातृभाषा त्याला येत नाही, त्याची पुस्तकी इंडोनेशियन मुलांना कळत नाही. मग दोघं भेटतात पापुआन मलयवर. बाजारात, बंदरात सर्रास चालणारी ही बोली इंडोनेशियनच्या नात्यातली असली तरी तिचं व्याकरण वेगळं आहे, आणि ती पोरांनी वहीत लिहिली तर चूक धरली जाते.