आंबा डोंगरचं युरोपियम: खरं किती, बॅरियमचं किती?

गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातला आंबा डोंगर हे कार्बोनेटाइटचं कडं आहे. हा खडक दिसतो चुनखडीसारखा, पण समुद्रात साचलेला नाही. शिलारस थिजून झालेला. सुखेश्वाला आणि उदास यांनी १९६३ मध्ये त्याची नोंद केली. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पत्थराच्याच जमान्यातला.

यात बास्टनेसाइटसारखी रेअर अर्थ खनिजं आहेत, म्हणजे सेरियम, युरोपियम अशा एकाच कुटुंबातल्या धातूंची खनिजं. हे धातू मोजताना पहिली चूक डोंगरावरच होते. वरचा तपकिरी, कुजका पापुद्रा हातोडीने उडवावा आणि आतला ताजा दगड दोन-तीन किलो घ्यावा. पापुद्र्यात सेरियम ऑक्सिजन घेऊन जागीच बसतं, बाकीची मंडळी पाण्याबरोबर सरकतात.

दुसरी चूक दगड विरघळवणाऱ्या आम्लाची. ग्रॅनाइटसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल ठीक, पण इथे कॅल्शियम भरपूर. दोघं भेटले की तळाशी पांढरा फ्लोराइडचा साका बसतो आणि रेअर अर्थ त्यातच अडकतात. वरचं द्रावण मात्र काचेसारखं स्वच्छ! म्हणून पूड लिथियम मेटाबोरेटबरोबर साधारण १००० अंशांना वितळवायची आणि तो गोळा सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवायचा.

खरी गंमत आयसीपी-एमएस यंत्रात. ते नमुन्याचे अणू प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, सोडतं आणि वजनानुसार मोजतं. युरोपियमचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनांचे अणू, दोनच: १५१ आणि १५३. बॅरियमच्या १३५ आणि १३७ ला प्लाझ्मात ऑक्सिजनचे १६ चिकटले की बेरीज नेमकी तीच. पळायला वाट नाही. आणि या खडकात बॅराइट हे बॅरियमचं खनिज असतं. नमुन्यात १ टक्का बॅरियम असेल आणि त्यातला हजारात एक अणू ऑक्साइड झाला, तरी १५३ वर दोन-अडीच पीपीएम (दहा लाख भागांत दोन-अडीच भाग) युरोपियम फुकटात दिसतं. खरं ८ पीपीएम असेल, तर फुगवटा तीसेक टक्क्यांचा.

सगळे रेअर अर्थ ओळीने मांडलेल्या आलेखात युरोपियमचा हा उंचवटा फार मोहक दिसतो. उष्ण, ऑक्सिजन कमी असलेल्या द्रवांची अख्खी कथा त्यावर रचता येते. त्याआधी निव्वळ बॅरियमचं द्रावण यंत्रातून सोडून १५१ आणि १५३ वर किती संकेत येतो ते बघावं आणि तेवढा वजा करावा. बॅरियम फारच असेल तर रेझिनच्या स्तंभातून ते वेगळं काढावं. शेवटी सगळ्या नमुन्यांचा युरोपियमचा उंचवटा बॅरियमसमोर मांडून पाहावा. ठिपके सरळ रेषेत चढत गेले, तर आधी संशय यंत्रावर घ्यावा.