डबा आणि कोडेक : चर्चच्या पडद्यावर व्हिडिओ का अडतो

रविवारची उपासना साडेआठची. सव्वाआठला शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या, ताई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. मुलांनी म्हटलेल्या गीताचा दीड मिनिटाचा व्हिडिओ होता, आयफोनवर घेतलेला. मी तो लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडून पाहिला, छान चालला. मग गीतं आणि वचनं दाखवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि निर्धास्त झालो. जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, संपल्या, पाळकसाहेबांनी मुलांना उभं केलं, मी बटण दाबलं आणि पडदा काळा. आवाज मात्र स्वच्छ येत होता. मुलं माना वर करून त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. ते मला फार लागलं. मागून एक काका म्हणाले, "अरे, एमपीफोरच आहे ना? मग चालायला पाहिजे!"

काकांचं म्हणणं बहुतेकांना पटेल, आणि नेमका तिथेच घोळ आहे. एमपीफोर हा डबा आहे. आत चित्राचा एक ट्रॅक, आवाजाचा एक ट्रॅक आणि कोणत्या क्षणाची माहिती फाईलमध्ये कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका असते. एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय हेही डबेच. चित्र किंवा आवाज दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत म्हणजे कोडेक. चित्रासाठी एच.२६४, एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५), व्हीपी९, एव्ही१, आवाजासाठी एएसी, एमपीथ्री, ओपस. एकाच एमपीफोरच्या डब्यात २००३ सालचं एच.२६४ असू शकतं किंवा २०१३ सालचं एचईव्हीसी. नावावरून काहीच कळत नाही.

आमच्या फाईलमध्ये चित्र एचईव्हीसीत होतं आणि आवाज एएसीत. सॉफ्टवेअरला एएसी उलगडता आलं, एचईव्हीसी नाही. म्हणून गीत ऐकू आलं आणि मुलं दिसली नाहीत. ती फाईल मुळात एमओव्ही होती, कोणीतरी शेवटची तीन अक्षरं बदलून तिला एमपीफोर केलं होतं. त्याने फक्त चिठ्ठी बदलते. एमपीफोरची रचना अ‍ॅपलच्या क्विकटाइमच्या एमओव्हीवरूनच घेतलेली असल्यामुळे हे दोन डबे सख्ख्या भावंडांसारखे आहेत आणि अशी फाईल पुष्कळदा उघडते, पण आतला कोडेक जसाच्या तसा राहतो.

आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, ज्या मॉडेलना जमतं त्यांवर एचईव्हीसीतच चित्रीकरण करतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की नेहमीचं चित्रीकरण एच.२६४ मध्ये होतं. आमच्या ताईंच्या फोनवर ते त्याच दिवशी करून ठेवलं.

मग व्हीएलसीत कसा चालला? व्हीएलसी स्वतःचे डीकोडर, म्हणजे कोडेक उलगडणारे भाग, बरोबर घेऊन येतो, विंडोजमध्ये काय आहे नाही ते बघत नाही. काही सॉफ्टवेअर मात्र विंडोजच्या किंवा स्वतःच्या मोजक्या डीकोडरवर अवलंबून असतात. ओपनएलपी या गीतं दाखवायच्या सॉफ्टवेअरच्या ३.० आवृत्तीपासून व्हिडिओ व्हीएलसीमार्फतच चालतो, म्हणून तिथे व्हीएलसीची चाचणी बऱ्यापैकी भरवशाची. इतर सॉफ्टवेअरबाबत व्हीएलसीत चालला म्हणजे फाईल शाबूत आहे, एवढंच सिद्ध होतं. मी हेच विसरलो होतो.

दोष कुठला हे ओळखायची माझी रीत आता अशी. फाईल कुठेच उघडत नसेल, व्हीएलसीतही नाही, तर डब्याकडे बघावं. फोनच्या चित्रीकरणात अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. मध्येच बॅटरी गेली किंवा कॉपी पूर्ण व्हायच्या आत पेनड्राइव्ह ओढला, तर ती अर्धवट राहते आणि सगळी फाईल अडते. कॉपी अर्धवट राहिली असेल, तर मूळ फोनवरून पुन्हा कॉपी करून घ्यावी. एका ठिकाणी चालते, दुसरीकडे नुसता आवाज किंवा नुसतं चित्र, तर संशय कोडेकवर. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकची माहिती समोर येते.

तिसरा प्रकार फसवा आहे: चित्र दिसतं, पण अडखळत. हाही बहुधा कोडेकचाच भार असतो. चर्चला कोणीतरी प्रेमाने दिलेला लॅपटॉप सहसा जुना असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी थेट हार्डवेअरवर उलगडायची सोय सहाव्या पिढीपासून आली, आणि १० बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त छटा असलेल्या चित्राची, सातव्या पिढीपासून. आयफोन १२ पासूनचं एचडीआर (उजेड आणि सावली दोन्ही जास्त टिपणारं) चित्रीकरण १० बिटचं असतं. म्हणजे चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला सगळं गणित प्रोसेसरवर करावं लागतं, पंखा घोंघावतो आणि चित्र थांबत थांबत चालतं. प्रोजेक्टर बदलून यात काही फरक पडत नाही.

उपायातही हाच फरक. नुसता डबा बदलायला काही सेकंद पुरतात, आतलं एक अक्षर बदलत नाही. कोडेक बदलायचा तर प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा दाबावं लागतं, वेळ लागतो. कन्व्हर्टरने मोठी फाईल पाच सेकंदांत करून दिली, तर बहुधा त्याने फक्त डबा बदलला असं समजा. मी हँडब्रेक हा कन्व्हर्टर वापरतो, तो मोफत आहे. त्यातला 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट (तयार सेटिंग) एच.२६४ आणि एएसी एमपीफोरमध्ये भरून देतो. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 'कॉन्स्टंट' करतो, कारण फोनचा फ्रेमरेट कमीजास्त होत राहतो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

ताईंचा व्हिडिओ असाच बदलून पुढच्या रविवारी लावला. त्याआधी शनिवारी संध्याकाळी तो त्याच लॅपटॉपवर, त्याच सॉफ्टवेअरमधून, प्रोजेक्टर जोडून शेवटपर्यंत चालवून पाहिला. आता व्हिडिओ शनिवारी सहाच्या आत माझ्या हातात यावा, अशी ताईंना विनंती केली आहे आणि त्या ती पाळतात.