मळी, मक्याचं पाणी आणि महासत्ता

गळीत हंगामात चिकोडीकडून बेळगावला येताना मळीचा वास आधी येतो, कारखान्याची चिमणी नंतर दिसते. साखर निघाल्यावर उरलेली ही काळी, चिकट मळी यीस्ट घालून आंबवली की तिचंच स्पिरिट होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका जगाच्या पुढे कशी गेली, हे समजायला मला तिच्या सोन्याच्या साठ्यापेक्षा हा वास जास्त उपयोगी पडतो.

पेनिसिलिन हे जंतू मारणारं औषध मूळचं इंग्लंडचं. फ्लेमिंगनं १९२८ मध्ये बुरशीची करामत पाहिली; ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन, हीटली यांनी त्यातलं औषध वेगळं केलं. पण मिळायचं चिमूटभर. बुरशी उथळ भांड्यांत वरच्या थरावरच वाढायची, म्हणून दवाखान्यातली बेडपॅनसुद्धा वापरली. १९४१ मध्ये एका पोलिसाला ते टोचलं. तो सुधारू लागला आणि साठा आटला. त्याच्या लघवीतून औषध परत काढून दिलं, तरी तो गेला.

त्याच वर्षी जुलैत फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला पोचले. पिओरिया गावात अमेरिकी शेतीखात्याची प्रयोगशाळा होती. जादा पिकाचं करायचं काय, हाच तिचा उद्योग. मक्यातून स्टार्च काढताना भिजवणीचं पाणी उरतं, त्यांची मळीच म्हणा ना! ते बुरशीला घातलं आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. पुढे बुरशी मोठ्या टाक्यांत बुडवून वाढवू लागले. तिला श्वास हवा, म्हणून खालून निर्जंतुक हवा सोडायची आणि सतत ढवळायचं. मग वरचा थरच नव्हे, अख्खी टाकी पिकते. जास्त पीक देणारी बुरशी सापडली १९४३ मध्ये, तिथल्याच बाजारातल्या खरबुजावर. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत दोस्तांच्या फौजा उतरल्या तेव्हा लाखो डोस तयार होते. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान तेव्हा इटलीत लढत होते.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन यांना मिळालं, म्हणजे मान ब्रिटनचा. टाक्या मात्र अमेरिकेत. युद्ध संपल्यावरही तिथल्या सरकारनं संशोधनावरचा हात आखडता घेतला नाही. १९५० मध्ये त्यासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान उभं केलं. जिंकलेल्या ब्रिटननं मात्र १९४६ मध्ये अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर कर्ज उचललं. शेवटचा हप्ता फिटला २९ डिसेंबर २००६ ला. आमच्या सोसायटीचं पीककर्जसुद्धा एवढं रेंगाळत नाही.