वॅन लिंक फेलओव्हर

शहरोशहरी विखुरलेली कार्यालये, बँकशाखा किंवा डेटा सेंटरे जोडणाऱ्या विस्तृत जाळ्यात, म्हणजे वॅनमध्ये, मुख्य लिंक निकामी झाल्याचे ओळखून वाहतूक आपोआप राखीव लिंकवर नेण्याची ही व्यवस्था. यातले अवघड काम वाहतूक वळवण्याचे नसून लिंक खरोखर पडली आहे हे वेळेत ओळखण्याचे आहे.

पूर्वी राखीव जोडणी बहुधा आयएसडीएन (टेलिफोनच्या तारेवरून डिजिटल जोडणी देणारी सेवा) किंवा साध्या टेलिफोन लाइनवरची असे. मुख्य सीरियल लिंकचा सिग्नल गेला की राउटर (डेटाची पॅकेटे कोणत्या वाटेने न्यायची ते ठरवणारे यंत्र) स्वतः नंबर फिरवी आणि मुख्य लिंक परतल्यावर लाइन सोडून देई. राउटिंग प्रोटोकॉलची, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या नियमांची, ‘मी चालू आहे’ असे सांगणारी हॅलो पॅकेटेच ही लाइन उघडी ठेवत राहिल्याने टेलिफोनचे बिल फुगणे, हा त्या काळचा नेहमीचा ताप होता.

आज लिंक इथरनेटवर मिळते. तिथे राउटर आणि फायबर यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश-सिग्नल तांब्याच्या तारेवरचा करणारे यंत्र) किंवा स्विच असल्यास पलीकडे फायबर तुटूनही राउटरचे पोर्ट चालूच दिसते. त्यामुळे पोर्टवर विसंबलेला स्थिर, म्हणजे हाताने लिहून दिलेला, मार्ग राउटरच्या मार्ग-तक्त्यात तसाच राहतो, त्याच्यामागे कमी पसंतीचा राखीव मार्ग लिहून ठेवलेला असला तरी तो पुढे येत नाही आणि पॅकेटे वाटेतच नाहीशी होतात. राउटिंग प्रोटोकॉल हा बिघाड ओळखतात, पण सावकाश: एका संस्थेच्या जाळ्यातला प्रोटोकॉल ओएसपीएफ सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी हॅलो पाठवतो आणि ४० सेकंद उत्तर न आल्यास शेजारी गेला असे मानतो, वेगवेगळ्या संस्थांची जाळी जोडणाऱ्या बीजीपीत हीच मुदत अनेक राउटरांवर मुळात १८० सेकंद असते. ही उणीव भरून काढणाऱ्या बीएफडी प्रोटोकॉलचे प्रमाणीकरण २०१० मध्ये झाले. त्यात दोन्ही राउटर एकमेकांना छोटी पॅकेटे सतत पाठवतात. दर ३०० मिलिसेकंदांची लागोपाठ तीन पॅकेटे चुकली, तर सुमारे ९०० मिलिसेकंदांत निकाल लागतो.

पलीकडच्या राउटरवर बीएफडी नसेल, तर दूरच्या पत्त्याला ठरावीक अंतराने पिंग करून, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहून, मार्ग जिवंत आहे का हे तपासतात. ही पिंग मुख्य लिंकलाच जखडलेली हवी. तसे न केल्यास वाहतूक वळताच पिंगही राखीव लिंकवरून यशस्वी होते, राउटर मुख्य लिंक सुधारली असे समजून वाहतूक परत नेतो, पिंग पुन्हा पडते आणि लिंक फ्लॅप होत राहते, म्हणजे वाहतूक सारखी इकडून तिकडे होत राहते. परतीपूर्वी मिनिट-दोन मिनिटे थांबण्याची सूचना राउटरला द्यावी लागते, तीही याच धरसोडीला आवर घालण्यासाठी.

ओळख कितीही चोख असली तरी दोन्ही लिंका एकाच वाटेने जात असतील, तर राखीव लिंकचा उपयोग नाही. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन्ही समुद्री केबली नादुरुस्त झाल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांचे इंटरनेट मंदावले. शाखेच्या पातळीवर हेच दोन कंपन्यांच्या फायबरबाबत घडते: बिले वेगळी, चर एकच, आणि रस्ता खोदणारे यंत्र दोन्ही एकदम तोडते. म्हणून शाखेत राखीव जोडणी शक्यतो ४जी किंवा व्हीसॅटची (छोट्या डिशमार्फत उपग्रहावरून) घेतात. मात्र त्यांवर बीएफडीचे टायमर सैल ठेवावे लागतात, कारण उपग्रहमार्गावर नुसता जाण्यायेण्याचा विलंबच अर्ध्या सेकंदाहून अधिक भरू शकतो.