वायफायचा पासवर्ड वेगळा, राऊटरचा वेगळा, आणि लोक नेमका नको तोच बदलतात

"अहो पासवर्ड बदललाय, तरी वरच्या मजल्यावरचा पोरगा अजून आमच्याच नेटवर मॅच बघतोय." हे किंवा याच्या बरोब्बर उलटं मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आधीच विचारतो, कुठला पासवर्ड बदलला? मग पलीकडे शांतता. कारण सगळ्यांच्या डोक्यात राऊटर नावाच्या त्या वायफायच्या डबड्याला पासवर्ड एकच असतो. एक नाही, दोन असतात, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

वायफायचा पासवर्ड तुम्हाला माहितीये. पाहुणे टेकायच्या आधी मागतात तो. त्यावर फार बोलत नाही, फक्त तिथे मोबाईल नंबर टाकायची सवय सोडा राव. तो नंबर अख्ख्या सोसायटीकडे असतो, आणि नसला तरी दहा आकडी नंबरांच्या सगळ्या शक्यता एक चांगलं ग्राफिक्स कार्ड काही तासांत तपासून मोकळं होतं. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत जागा दिलीये, चार-पाच असंबद्ध शब्द जोडून टाका, विषय संपला. सिक्युरिटी टाईप डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३, जे असेल ते. यादीत डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर त्याच्याकडे बघूही नका, ते २००१ मध्येच मोडलंय.

आता दुसरा. राऊटरचा, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड, ज्याला टेक्निशियन लोक अ‍ॅडमिन पासवर्ड म्हणतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं (आकडे इंग्रजीत टाका), जिओचं असेल तर १९२.१६८.२९.१, की लॉगिन मागणारं पान येतं ना, तो. बऱ्याच जुन्या राऊटरवर युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. फायबर जोडायला आलेला मुलगा वायफायचं नाव आणि पासवर्ड तुम्हाला विचारून टाकतो, या पानाचं नावही काढत नाही आणि निघून जातो, त्यामुळे कित्येक घरांत हा पासवर्ड कंपनीतून आला तसाच असतो, वर्षानुवर्षं.

आपण नक्की काय बदललं हे ओळखायची खूण एकदम सोपी आहे. वायफायचा पासवर्ड बदलला की घरातलं सगळं पटापट बाहेर पडतं. फोन, टीव्ही, कॅमेरा, सगळे बोंब मारतात. अ‍ॅडमिनचा बदलला की कुणाला पत्ताही लागत नाही, सिरियल चालू ती चालूच राहते. म्हणजे "बदलला" म्हणताय आणि घरात कुणीच ओरडलं नाही, तर तुम्ही अ‍ॅडमिनचा बदललाय आणि वरचा पोरगा जागच्या जागी आहे. आणि सगळे ओरडले असतील तर पोरगा गेला, पण सेटिंगचं पान अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनवर उघडं पडलंय.

दोघांचं वजनही सारखं नाही, आणि लोक अडकतात ते इथेच. वायफायचा पासवर्ड म्हणजे घराची किल्ली, अ‍ॅडमिनचा म्हणजे कुलुपंच बदलायचा हक्क. अ‍ॅडमिनमधून आत गेलेला माणूस वायफायचा पासवर्ड बघू शकतो, बदलू शकतो, तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. उलटं नाही होत, वायफायचा पासवर्ड कितीही माहीत असला तरी त्याने सेटिंगचं पान उघडत नाही. पण हे कधी? दोन्ही वेगळे असतील तेव्हा. "लक्षात राहत नाही म्हणून दोन्हीकडे एकच ठेवलाय" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. म्हणजे ज्या ज्या पाहुण्याला, भाडेकरूला, मुलांच्या मित्राला तुम्ही वायफाय दिलं त्या सगळ्यांना मालकीहक्कही देऊन टाकलात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमच्या राऊटरमध्ये कोण कशाला शिरतंय, आणि वायफायचा पासवर्ड स्ट्राँग आहे की." इथेच गाडी घसरते. वायफाय फोडायचं तर माणूस तुमच्या रेंजमध्ये हवा, जिन्यात नाहीतर शेजारच्या बिल्डिंगमध्ये. अ‍ॅडमिन पानासाठी तो तुमच्या शहरातही असायची गरज नाही. २००७ मध्ये सिमँटेक आणि अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की तुम्ही नुसतं एक खोडसाळ वेबपेज उघडलं तरी त्यातला कोड तुमच्याच ब्राउझरमधून राऊटरच्या पानावर जाऊन फॅक्टरीचा पासवर्ड टाकून डीएनएस बदलू शकतो. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय. ती दुसऱ्याच्या हातात गेली की तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाईप करता आणि पोचता भलतीकडे. आजकाल ब्राउझर सर्टिफिकेटची, म्हणजे साईटच्या ओळखपत्राची, वॉर्निंग देतो हे खरं, पण ती लाल वॉर्निंग आली की "प्रोसीड" दाबणारे घराघरात आहेत.

आणि हे नुसतं लॅबमधलं नाही. डीएनएसचेंजर नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि तिथून घरच्या राऊटरवर फॅक्टरीचे युजरनेम-पासवर्ड ट्राय करून तिथलंही डीएनएस बदलायचं. एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली, पण टोळीचे डीएनएस सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट एका झटक्यात गेलं असतं म्हणून ९ जुलै २०१२ पर्यंत त्यांच्या जागी चांगले सर्व्हर चालवावे लागले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने तर फॅक्टरीच्या पासवर्डांची एक छोटी यादी घेऊन कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डीव्हीआर, राऊटर असं जे सापडेल ते गोळा केलं आणि त्या फौजेने २१ ऑक्टोबरला डाईन (Dyn) या डीएनएस कंपनीवर असा हल्ला चढवला की ट्विटर, नेटफ्लिक्स अडकले. यातल्या कुणालाच तुमच्या वायफायचा पासवर्ड लागला नव्हता! कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सगळ्या डबड्यांना एकच फॅक्टरी पासवर्ड द्यायला कायद्याने बंदी घातली ती काय उगाच नाही.

या घोळाचा अजून एक प्रसाद म्हणजे रीसेटचं बटण. वायफायचा पासवर्ड विसरला की कुणीतरी हुशार सांगतं, मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाब. दाबली की वायफायचं नाव, पासवर्ड, अ‍ॅडमिन सगळं फॅक्टरीवर जातं हे ठीक, पण त्याबरोबर बऱ्याच कनेक्शनांत पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्डही उडतं, म्हणजे ज्याच्यावर तुमचं कनेक्शन मुळात चालतं ते. मग लाल दिवा, आणि टेक्निशियनची वाट बघत बसा, त्यात शनिवार संध्याकाळ असेल तर झालंच. आणि गरज काय होती? अ‍ॅडमिन पासवर्ड माहीत असता तर दोन मिनिटांत वायफायचा नवा टाकता आला असता.

बाकी किरकोळ. वायफायचं नाव लपवणं हा टाईमपास आहे, फुकटातलं सॉफ्टवेअरही ते नाव शोधून काढतं. मॅक फिल्टरचंही (म्हणजे ठरावीक फोनांच्याच मॅक नंबरांना आत घेण्याचंही) तेच, फोन आता प्रत्येक वायफायला वेगळा मॅक दाखवतात, त्यात तुम्हीच अडकाल. डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्ड न टाकता वायफाय जोडायच्या सोयीची, पिन मात्र नक्की बंद करा, आठ आकडी दिसते पण दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडते, हे २०११ पासून जगजाहीर आहे. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे घराबाहेरून इंटरनेटवरून सेटिंगचं पान उघडायची सोय, चालू असेल तर तेही बंद. आणि पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राऊटरचं वेगळं वायफाय, द्या, बहुतेक राऊटरवर तिथून सेटिंगचं पान उघडतच नाही.

बदलायला बसाल तेव्हा आधी अ‍ॅडमिनचा बदला. तो बऱ्याचदा सिस्टम टूल्स, मॅनेजमेंट किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये असतो, वायरलेसच्या टॅबमध्ये शोधत बसू नका, तिथे फक्त वायफायचा मिळेल. लोक आधी वायफायचा बदलतात, सेव्ह दाबल्या दाबल्या त्यांचाच फोन बाहेर फेकला जातो, मग परत जोडाजोडी, टीव्ही, आजोबांचा फोन, आणि त्या गडबडीत अ‍ॅडमिनचं राहून जातं ते राहूनच जातं. नवा पासवर्ड कागदावर लिहून लाईटबिलांच्या फाईलमध्ये ठेवा, "राऊटर" असं स्पष्ट लिहून, "पासवर्ड" एवढंच नको. राऊटरचं मोबाईल अ‍ॅप वापरत असाल तर कदाचित तिथे परत लॉगिन करावं लागेल, बस. वायफायचा आधीच चांगला असेल तर त्याला हातही लावू नका.