मामा रात्रपाळी करून आलेत

लालबाग-परळच्या आमच्या गल्लीत लहानपणी सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "बाहेर जाऊन खेळा रे, मामा रात्रपाळी करून आलेत." खोलीत भरदिवसा कुणीतरी झोपलेलं असायचंच. भिंतीकडे तोंड, डोळ्यांवर पंचा, केसांत कापसाची तुसं. आई भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. आम्ही गल्लीत. गोट्या, भोवरा, विटीदांडू, लगोरी, डबा ऐसपैस. गिरणगावातल्या बालपणाचा विषय निघाला की सगळे या खेळांबद्दल बोलतात. मला वाटतं, आधी मामांच्या त्या झोपेबद्दल बोलावं. पोरं रस्त्यावर होती ती खोलीत जागा नव्हती म्हणून, आणि ती का नव्हती हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी सुरू झाली. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, शिवडी असा गिरण्यांच्या चिमण्यांचा पट्टा उभा राहिला. माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी आणि साताऱ्याकडून. कोकणातली भावाभावांत वाटलेली जमीन एका भातपिकावर वर्षभर घर चालवू शकत नव्हती. मग एक भाऊ शेतीला, एक मुंबईला. बायको-मुलं गावीच. चाकरमानी एकटा येई आणि आपल्या गाववाल्यांच्या गाळ्यात उतरे. गाळा म्हणजे एका गावच्या पंधरा-वीस पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. सगळे एकाच वेळी कधी झोपतच नसत, म्हणून तर ती खोली पुरायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीचा आडवा होई. त्यांचं जेवण कुटुंबवाल्या घरातली एखादी बाई करायची. या खाणावळवाल्या बाया पहाटे उठून कितीजणांच्या भाकऱ्या थापत, याची दखल फार उशिरा घेतली गेली. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी.

पाळ्यांचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे दिवे आले आणि दिवस आणखी लांबला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली, तेव्हा आठवड्याची एक सुट्टी हीसुद्धा मागणी होती. ती 1890 मध्ये मान्य झाली. आमचा रविवार, म्हणजे सकाळचं मटण, दुपारचं क्रिकेट आणि वडील चक्क जागे, हा तिथून आला. पुढे 1911 च्या कायद्याने कापड गिरणीत दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये आठवड्याचे 60 तास ठरले, आणि 1948 च्या कारखाने कायद्यात 48. आठ तासांच्या कामाने दिवसाचे तीन सारखे तुकडे पडले आणि गिरणी चोवीस तास चालवणं सोयीचं झालं. माणसाला आठ तास मिळाले, खोलीला मात्र विश्रांती उरली नाही.

खोल्यांचं काय? 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीची वस्ती हा सरकारी चिंतेचा विषय झाला आणि 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. बीआयटी चाळी त्याच्या. मग 1920 मध्ये गव्हर्नर लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, निघालं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या, असा बेत होता. नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून उभ्या राहिल्या 207 चाळी, म्हणजे 16,000 च्या आसपास खोल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. सुरुवातीला भाडं परवडेना आणि काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्या कुणाला आवडेनात, म्हणून कित्येक चाळी रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग करण्यात आला होता. नंतर त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहिल्या. खासगी चाळींत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि कुटुंबं जागची हलली नाहीत. गल्लीतल्या प्रत्येक पोराला प्रत्येक घरातल्या आजीचं नाव माहीत असायचं, त्यामागे प्रेम होतं तसा हा कायदाही होता. वरळीला आता त्या जागी टॉवर उभे राहू लागले आहेत, 500 चौरस फुटांच्या घरांचे.

एक गोष्ट गिरणगावच्या आठवणी लिहिताना सहसा गाळली जाते, आणि ती गाळू नये असं मला मनापासून वाटतं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार चांगला, पण दलित कामगारांना तिथे घेत नसत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. दुसऱ्याच्या उष्ट्याला शिवायचं नाही, म्हणून अख्खं खातं बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिले होते आणि बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची 9 मार्च 1924 ची बैठक जवळच्याच दामोदर हॉलमध्ये झाली होती. चाळींमध्येही जातीप्रमाणे वस्ती होती. कोणत्या गल्लीत लगोरी मांडायची आणि कुठे जायचं नाही, हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, तेव्हा घरातली मोठी माणसं कित्येक दिवस हळू आवाजात बोलत होती.

आमच्या गल्लीचं कॅलेंडर दहा तारखेला सुरू व्हायचं. 1936 च्या वेतन कायद्यात हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याने पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पगार द्यावा असं ठरलं, आणि गिरण्या बहुतेक तेवढ्या मोठ्या होत्या. त्या संध्याकाळी वाण्याची वही मिटायची, खाणावळीचे पैसे जायचे, गावची मनीऑर्डर निघायची, कोपऱ्यावर व्याजवाला पठाण उभा असायचा. आम्हाला एक-एक लिमलेटची गोळी. गल्लीतला गणपतीही याच पगारातल्या वर्गणीवर बसे. गणेश गल्लीचा 1928 पासून, लालबागच्या बाजारातला 1934 पासून.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मुळाशी बोनस, पगार, बदली कामगारांचा, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तात्पुरते लागणाऱ्यांचा, प्रश्न होता, आणि 1946 च्या कायद्यानुसार मान्यता असलेल्या एकमेव युनियनवरचा रागही. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही.

मला त्यातलं आठवतं ते इतकंच की भोंगा वाजेनासा झाला आणि मामा रात्री झोपू लागले. दिवसा ते ओट्यावर बसून आमचा खेळ बघत. पहिले काही आठवडे आम्हाला मजा वाटली. खोलीत कितीही आरडाओरडा केला तरी कुणी बाहेर पिटाळत नव्हतं. मग आईने वाण्याकडे मला पाठवणं बंद केलं, ती स्वतः जायला लागली, दुपारी गिऱ्हाईक नसेल अशा वेळी. एप्रिलमध्ये एकेक घर ट्रंका बांधून गावाला निघालं, दरवर्षी निघायचं तसंच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गातले बरेच बाक रिकामे होते. बाईंनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली, थांबून थांबून, आणि दुसऱ्या दिवशी ती नावं वगळून वाचली.