हा-बान (डॉर्टमुंड)

जर्मनीतील डॉर्टमुंड येथील तांत्रिक विद्यापीठाच्या परिसरात चालणारी, तुळईखाली लटकत जाणारी चालकविरहित रेल्वे. ‘हेंगेबान’ (लटकती रेल्वे) या शब्दाचे आद्याक्षर तिच्या नावात आले आहे. जर्मन वर्णमालेत त्याचा उच्चार ‘हा’ असल्याने ‘एच-बान’ हे रूप निम्मे इंग्रजी ठरते. म्हणून येथे ‘हा-बान’ असे लिहिले आहे.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या इमारती उत्तर आणि दक्षिण अशा दोन आवारांत विभागल्या आहेत. ही आवारे जोडणारा सुमारे एक किमी.चा मार्ग २ मे १९८४ रोजी खुला झाला. १९९३ मध्ये तो उपनगरी रेल्वेच्या विद्यापीठ स्थानकापर्यंत आणि आयखलिंगहोफेन वस्तीपर्यंत, तर २००३ मध्ये तंत्रज्ञान उद्यानापर्यंत वाढवण्यात आला. एकूण लांबी ३ किमी.हून थोडी अधिक आहे. कमाल वेग ताशी ५० किमी. असला, तरी दोन आवारांमधला प्रवास दोनेक मिनिटांचाच.

हिला एकरूळ रेल्वे म्हणावे का, याबद्दल मतभेद संभवतो. वुपरटाल येथील १९०१ च्या लटकत्या रेल्वेत पोलादी चाके एकाच उघड्या रुळावरून धावतात. तेथे ‘एकरूळ’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. हा-बानची तुळई मात्र पोकळ पेटीसारखी असून तिच्या तळाला लांबलचक फट आहे. चाके पेटीच्या आत, फटीच्या दोन्ही कडांवरील पट्ट्यांवरून धावतात आणि डबा फटीतून उतरलेल्या टांगणीला लटकतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला फक्त सरकती टांगणी दिसते, चाके दिसतच नाहीत. धावपट्ट्या दोन असल्याने काटेकोर अर्थाने ही एकरूळ नव्हे. तथापि आधार देणारी तुळई एकच आहे, हा निकष अधिक रूढ असल्याने येथे तोच ग्राह्य मानला आहे. बंदिस्त रचनेमुळे धावपट्ट्यांवर बर्फ साचत नाही, हा व्यावहारिक लाभ.

अशीच पोकळ तुळई फ्रान्समधील साफेज या लटकत्या रेल्वेच्या पद्धतीत १९६० च्या सुमारासच वापरली गेली होती. त्यामुळे हा-बानला तिची शाखा मानता येईल. पण साफेजचे डबे मोठे, तर सीमेन्सने सत्तरच्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीचा रोख लहान, स्वयंचलित डब्यांवर होता. तेव्हा साम्य तुळईपुरतेच धरणे बरे.

हा-बानला ‘पहिली चालकविरहित रेल्वे’ म्हटले, तर ते बिरुद मात्र टिकत नाही. अमेरिकेत मॉर्गनटाउन येथील विद्यापीठाची आवारे जोडणारी चालकविरहित वाहने १९७५ मध्येच सुरू झाली होती, आणि जपानमधील कोबे (१९८१) व फ्रान्समधील लील (१९८३) येथील मार्गही आधीचे. लटकत्या प्रकारात हा-बान सुरुवातीच्या मार्गांपैकी एक आहे. ड्युसेलडॉर्फ विमानतळावर २००२ मध्ये सुरू झालेली स्कायट्रेन याच पद्धतीची आहे.